पालकांनी बाहेर थांबायचं

गेटवरच्या वॉचमनने माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला आणि म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं. सकाळचे सव्वाआठ, पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, ऑनलाइन कोर्सच्या परीक्षेचं सेंटर, आत झाडाखाली शे-दीडशे पोरंपोरी हॉल तिकिटाची घडी उलगडत, परत घालत उभी. मी म्हटलं, अहो, पेपर माझाच आहे. तेव्हा त्याने वर बघितलं. माझे पांढरे केस, खिशाला अडकवलेला चष्मा, हातातलं हॉल तिकीट, त्यावरचा फोटो, परत मी. फोटोतला माणूसही म्हाताराच निघाल्यावर त्याचा नाइलाज झाला. "जावा," म्हणाला. याचं मला हसूच आलं, घरी गेल्यावर बायकोला सांगायला एक किस्सा मिळाला म्हणून जरा खुशच झालो. टोचलं ते पुढे.

आत रांगेत माझ्यामागे एक पोरगा होता. सांगोल्याकडचा, रात्रीच्या एसटीने आलेला, पहाटे स्वारगेटला उतरून तिथेच बाकड्यावर डुलक्या काढलेल्या, मग स्टँडवरच्या नळाखाली डोकं धरून इकडे. केस अजून ओले होते आणि अंगाला त्या पाच रुपयाच्या साबणवडीचा वास. त्याने बराच वेळ मला न्याहाळलं आणि मग न राहवून विचारलं, "काका, तुमी सोता पेपर देताय?" हो म्हटलं. "मग तुमाला कशाला पायजे हे सर्टिफिकेट?" कुचकटपणा अजिबात नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला त्याचा कोर्स क्रेडिटसाठी लागत होता, कॉलेजने घ्यायलाच लावला होता, राहिला असता तर सेमिस्टरचं सगळं गणित बिघडणार होतं, त्यासाठी परीक्षेची फी, एसटीचं भाडं, एक रात्र. एवढं करून इथे यायला माणसाकडे काहीतरी कारण पाहिजे ना.

मी म्हणालो, "सहज."

तो "अच्छा" म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घातलं. पेपर झाला, काही आठवड्यांनी रिझल्ट लागला, सर्टिफिकेटही आलं, पीडीएफ, माझं नाव, एक क्यूआर कोड. तरी तो "सहज" काही गिळला जात नाही, माशाचा काटा घशात बसावा तसा बसलाय. कारण एक तर ते खोटं होतं. आणि त्यात जे काही खरं होतं ते त्या पोरासमोर बोलायला नको होतं.

कोर्स मातीवरचा होता. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाले इंटरनेटवर फुकट शिकवतात त्यातला, बारा आठवड्यांचा, खरगपूर आयआयटीचे सर शिकवणारे. मी आयुष्यभर विम्याच्या क्लेमच्या फायली बघितल्या, माझा मातीशी संबंध म्हणजे बाल्कनीतल्या चार कुंड्या, त्यातल्या दोन मेलेल्या. पण आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. घरची साडेतीन एकर, त्यातला दीड एकराचा तुकडा नदीच्या अंगाला, उताराचा शेवट. तिथे ऊस असायचा आणि ऊस म्हणजे पाणी, जितकं पाजाल तितकं कमी असं सगळ्यांचंच म्हणणं. मी सातवी-आठवीत असेन तेव्हा त्या तुकड्याला मीठ फुटायला लागलं. आमच्याकडे असंच म्हणतात, रानाला मीठ फुटलं. हिवाळ्यात सकाळी गेलं की वरंब्यांच्या डोक्यावर पांढरं दिसायचं, कुणीतरी रांगोळीचा डबा सांडून गेल्यासारखं, मी बोट लावून चाखायचो आणि वडील ओरडायचे. ऊस गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडायचा. पावसात त्या रानात पाणी मुरायचंच नाही, वरच तळं, पाय टाकला की साबणावर पडल्यासारखा सटकायचा, आणि वाळलं की त्याच रानात पहार लागायची. वडिलांनी आधी बियाण्याला दोष दिला, मग भावकीतल्या एकाच्या नजरेला, मग युरिया कमी पडतोय म्हणून आणखी युरिया टाकला आणि आणखी पाणी पाजलं.

आणखी पाणी. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सातव्या की आठव्या आठवड्यातल्या एका लेक्चरमध्ये सर त्या विषयावर आले. अगदी सपाट आवाज, बाजूला स्लाइड, मधेच पेनने एक गोल. क्षारपड वेगळी आणि चोपण वेगळी, दोन्हीची गल्लत करू नका म्हणाले, अर्थात त्यांचे शब्द इंग्रजी, चोपण हा शब्द माझ्या कानात वडिलांच्या आवाजात वाजला. चोपणात चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटतो, मग ते कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात, विरघळल्यासारखे पसरतात आणि मातीतली बारीक बारीक छिद्रं बुजवून टाकतात, म्हणून पाणी खाली जात नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यावर उपाय जिप्सम. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याच्या जागी बसतो. पण नुसतं जिप्सम टाकून भागत नाही, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जायला वाट पाहिजे, म्हणजे आधी चर काढा, निचरा करा. अर्ध्या तासाचं लेक्चर. रात्रीचे साडेअकरा झालेले, डायनिंग टेबलावर मी, कानात इयरफोन, आतल्या खोलीत बायको झोपलेली, फ्रिज मधेच हुंकार देऊन गप्प व्हायचा. मी लेक्चर थांबवलं. सरांचा हात हवेत तसाच राहिला, तोंड अर्धवट उघडं. दीड एकराचं उत्तर अर्ध्या तासात मावत होतं आणि ते फुकट होतं आणि ते मला मिळत होतं, ज्याच्याकडे आता एक गुंठाही नाही, बहिणींची लग्नं आणि आजारपणं यात सगळं विकून झालंय.

तर हे त्या पोराला काय सांगणार रांगेत उभं राहून. सहज म्हणून मोकळा झालो.

पण वडिलांना हे कळलं नाही म्हणजे ते त्यांच्यापर्यंत आलंच नाही असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त छळते. आमच्याकडे रेडिओ होता, चामड्याच्या कव्हरमधला, संध्याकाळी सांगली केंद्र लावलेलं असायचं, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम रोज लागायचा. त्यात कधी ना कधी कोणी कृषी अधिकारी क्षारपड जमिनीवर बोललाच असणार, कृष्णाकाठचा तो एवढा मोठा प्रश्न. वडिलांसाठी तो कार्यक्रम म्हणजे घड्याळ होतं. तो सुरू झाला की म्हशीची धार, तो संपला की जेवण. आवाज कानावर पडायचा, आत जायचा नाही. रेडिओतल्या माणसाने "वाळव्याच्या अमक्या, तुझ्या नदीकडच्या तुकड्याचं काय झालंय सांगतो" असं म्हटलं असतं तर धार सोडून ऐकलं असतं त्यांनी. आणि रेडिओला थांब म्हणता येत नव्हतं, परत सांग म्हणता येत नव्हतं. फुकटचं ज्ञान हवेतून येणं ही काय इंटरनेटने शोधून काढलेली गोष्ट नाही, ते आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी येत होतं.

नंतर गल्लीत पहिला टीव्ही आला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि दुपारी त्यावर यूजीसीचा कंट्रीवाइड क्लासरूम लागायचा. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेला तो कार्यक्रम कॉलेजच्या पोरांसाठी, त्यातही छोट्या गावातल्या कॉलेजांसाठी. आमच्या गल्लीत तो बघणारे आम्ही तिघं, वय वर्ष बारा-तेरा, कारण त्या वेळी दुसरं काही लागायचंच नाही. एकदा ज्वालामुखीचा उभा छेद दाखवत होते. कागदावर एक हात चित्र काढतोय, थर एकावर एक, मधून वर येणारी नळी, इंग्रजीतून कोणीतरी बोलतंय. एक अक्षर कळत नव्हतं. छतावर एक जण अँटेना धरून, खालून आम्ही ओरडतोय, आलं, गेलं, आलं. पण तो हात माझ्या लक्षात राहिला. पुढे कितीतरी वर्षांनी सलमान खानचे व्हिडिओ बघितले, म्हणजे ते खान ॲकॅडमीवाले, काळ्या पडद्यावर नुसतं रंगीत अक्षर उमटतंय आणि मागे आवाज, माणूस दिसतच नाही, तेव्हा मला पहिल्यांदा तो छतावरचा अँटेना आठवला. त्यांची सुरुवात कशी झाली ते आता सगळ्यांना पाठ आहे, २००४ मध्ये बोस्टनमधून न्यू ऑर्लिन्सच्या नात्यातल्या बहिणीला फोनवर गणित शिकवत होते, मग आणखी भावंडं आली, मग वेळ जमेना म्हणून २००६ मध्ये व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकले, आणि भावंडं म्हणाली की तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरच बरा. कारण तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं आणि आपण ढ आहोत हे कोणाला दिसत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. पण त्या गोष्टीतला बहिणीचा भाग सगळे भराभर सांगून पुढे जातात. आधी एक मुलगी होती, जिला नक्की कशात अडतंय ते त्याला ठाऊक होतं.

आमच्या थोरल्या वहिनींचं उदाहरण देतो. दहावी झाली आणि लग्न. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं कुठूनतरी कळलं, बारावी नसली तरी पूर्वतयारी करून बीएला बसता येतं. दादा हो म्हणाला ते मला वाटतं तिचा उत्साह चार दिवसात उतरेल या हिशोबाने. पुस्तकं आली, वरती "ज्ञानगंगा घरोघरी" छापलेलं. आमच्या आईने ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, गंगा आली ते बरं झालं, आता भांडी पण तीच घासंल. तरी वहिनी रात्री दहानंतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायच्या, पुस्तकाला हळदीची बोटं लागलेली असायची. पण खरी गंमत रविवारी. तालुक्याच्या अभ्यास केंद्रावर संपर्क सत्र असायचं. सकाळी नऊच्या गाडीला जायच्या, सोबत डबा, आणि परत आल्या की चेहरा वेगळाच. तिथे त्यांच्यासारख्या आठ-दहा बायका जमायच्या, एक अंगणवाडीवाली, एक ग्रामपंचायतीत कामाला, एक तर सासूला दवाखान्याचं सांगून यायची. सर काय शिकवायचे ते त्या फारसं सांगत नसत, डब्यात कोणी काय आणलं होतं ते मात्र सविस्तर. इतिहासाच्या पेपरच्या आधी रडून म्हणाल्या होत्या, मी सोडते. दुसऱ्या रविवारी ती अंगणवाडीवाली थेट घरी आली, आमच्या आईसमोर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, हिला न्यायला आलेय. संपलं. बीए झाल्या वहिनी, सेकंड क्लास. आज त्यांना विचारलं काय शिकलात, तर हसतात. पण त्या बायकांची नावं क्रमाने घेतात.

वडील गेले ते २०११ मध्ये. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता तिकडे कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या दोघांनी, सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग, आपला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा वर्ग इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला आणि १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्या वर्षी तर असले कोर्स चालवणाऱ्यांची नुसती धांदल, युडॅसिटी, कोर्सेरा, मग एमआयटी आणि हार्वर्ड मिळून एडएक्स. असल्या कोर्सला एक नावही होतं, २००८ साली कॅनडात पडलेलं, मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, त्याची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं, आणि उच्चार आपल्याकडे सरळ "मूक". मराठीत हा शब्द टाइप करताना दरवेळी बोट अडतं. मूक वर्ग, मूक शिक्षण, मूक विद्यार्थी. त्या कॅनडातल्या पहिल्या कोर्सला फी भरून बसलेले २५ आणि फुकट बसलेले सव्वादोन हजारांच्या आसपास, तो म्हणे बडबडा कोर्स होता, सगळे एकमेकांशीच बोलत शिकत होते. मूक झाला तो नंतर, लाखांत गेल्यावर.

त्या दिवसांत मंगोलियाच्या पोराची गोष्ट फार गाजली होती. २०१२ मध्ये एमआयटीने इलेक्ट्रिक सर्किटचा कोर्स ऑनलाइन आणला, शिकवणारे आपले मंगळूरचे अनंत अगरवाल, दीड लाखाच्या वर लोकांनी नाव घातलं, पूर्णच्या पूर्ण मार्क पडले ३४० जणांना, आणि त्यात उलानबातरचा पंधरा वर्षांचा बत्तुशिग. मी ही बातमी ऑफिसात तेव्हा तीन-चार जणांना ऐकवली असेल. आता गावोगावचे बत्तुशिग बाहेर येणार असं वाटायचं, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच यायचं. फार नंतर ती गोष्ट नीट वाचली. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले होते. आणि स्टॅनफर्डहून त्यांचा एक मित्र प्रयोगाचं सामान बॅगा भरून घेऊन उलानबातरला येऊन राहिला होता, पोरांकडून हाताने सर्किट जोडून घेत होता. पोरगा हुशार होता यात वादच नाही. पण बातमीत व्हिडिओ आला आणि बॅगा राहिल्या.

हार्वर्ड-एमआयटीच्या त्या पहिल्या सहा वर्षांच्या कोर्सेसचा हिशोब पुढे कोणीतरी मांडला, २०१९ मध्ये छापून आला. नाव घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. पूर्ण करणारे २०१७-१८ मध्ये शेकडा तीन. आणि वाढ झाली ती बहुतेक श्रीमंत देशांतच. मला यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही, कारण मी त्या सत्त्याण्णवांतला आहे. मी आजवर अकरा कोर्सना नाव घातलंय. फ्रेंच, रोमन वास्तुकला, पायथन दोनदा, एक तर आनंदी कसं राहावं याचा. पूर्ण केले दोन. नाव घालताना जो आनंद होतो तो पुस्तक विकत घेतल्यासारखा असतो, वाचल्यासारखंच वाटतं. आणि फुकट म्हटल्यावर सोडतानाही काही जात नाही. आपल्याकडे फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण लग्नात फुकट मिळतं म्हणून ताटात वाढून घेतलेल्या जिलब्या शेवटी कुठे जातात तेही आपल्याला माहीतच आहे. तिकडे सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठात २०१३ मध्ये युडॅसिटीचे कोर्स कच्च्या मुलांना गणित सुधारायला लावून बघितले, निम्म्यापेक्षा जास्त नापास झाले आणि प्रयोग थांबवला. ज्यांना शिकायचं कसं ते आधीच येत होतं त्यांना या सगळ्याचा फायदा झाला, डिग्र्यांवर डिग्र्या असलेल्यांना. माझ्यासारख्यांना. मग पैशाची गणितं आली. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं, त्या कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आता बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघायला मोकळे आणि गृहपाठाला, परीक्षेला कुलूप. शिकणं फुकट, शिकल्याचा कागद विकत. त्या मानाने आपलं एनपीटीईएल मला अजूनही साधं सरळ वाटतं, लेक्चर जगात कोणीही बघा, परीक्षा द्यायची असेल तरच फी आणि त्यासाठी सेंटरवर जाऊन बसायचं, समोर पर्यवेक्षक, आधार कार्ड दाखवा.

त्या दिवशी हॉलमध्ये एसी इतका गार होता की शेजारची मुलगी ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. माऊस चिकट, मॉनिटरच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ, एक कोरा कागद रफसाठी. माझा पेपर बरा चालला होता आणि मग जिप्समचाच प्रश्न आला. अमुक इतकी जमीन, सोडियमचं प्रमाण इतकं, ते इतक्यावर आणायचंय, तर जिप्सम किती टन लागेल, चार पर्याय. मला सगळं माहीत होतं, का टाकतात, काय होतं, आधी चर का काढायचे, आणि हिशोब येत नव्हता. दहावीनंतर सायन्सला मिळत होतं, वडिलांनी प्रॅक्टिकलची फी ऐकली आणि मी कॉमर्सला गेलो, रसायनाशी संबंध तिथेच संपला. व्हिडिओत तो हिशोब सरांनी केला होता, मी दोनदा बघितला होता, मान डोलावली होती. कागदावर तीन वेळा मांडला, तीन वेगळी उत्तरं आली आणि तिन्ही पर्यायांत होती. शेवटी एकावर टिक केली. चुकलं असणारच.

बाहेर आल्यावर तो पोरगा गेटपाशीच भेटला. मी म्हटलं चल, मलाही स्वारगेटलाच जायचंय. बसमध्ये तो मोकळा झाला. पेपर सोपा गेला का विचारलं तर म्हणाला, जाईल निघून. असाइनमेंटचे मार्क किती? "ते सगळ्यांचे पंचवीसपैकी पंचवीसच असत्यात काका, ग्रुपवर येत्यात की उत्तरं, बुधवारपतुर." इतकं सहज सांगितलं की मला वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. आणि वाईट तरी कोणत्या तोंडाने वाटून घेऊ, नवव्या आठवड्यात मीही एकदा शोधली होती उत्तरं, दोन जुळली नाहीत तर बदलली. त्याचं म्हणणं असं की कॉलेजने कोर्स घ्यायला लावला, शिकवणारे सर कुठे मद्रासला का कानपूरला, कॉलेजातल्या मॅडम फक्त विचारणार रजिस्ट्रेशन केलं का आणि फी भरली का. लेक्चर इंग्रजीत. मी म्हटलं अरे, बऱ्याच लेक्चरचं लिखाण मराठीतही करतायत ते, आणि मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल तर चक्क मराठीत बोलतात, दहा-दहा मिनिटांचे, अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि अर्ध्यावर तेच आपण करत जायचं, मी त्यावरच लिब्रे ऑफिस शिकलो. "व्हय?" म्हणाला. मग थोडं थांबून, "पण इंटरव्ह्यू इंग्रजीतच असतोय ना." याच्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

मग स्वतःच सांगायला लागला. तो कोरोना बॅचचा. यांची दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर सगळे पास, त्याला ८८ टक्के आणि आजपर्यंत ते टक्के सांगायची त्याला लाज वाटते. नववी संपता संपता शाळा बंद झाली. घरात एक फोन, तो वडिलांच्या खिशात, वडील दिवसभर डाळिंबाच्या बागांवर कामाला. म्हणजे याची शाळा संध्याकाळी साडेसातला भरायची, वडील घरी आले की. बारक्या बहिणीची पण त्याच फोनवर. सरांनी सकाळी टाकलेला व्हिडिओ हा रात्री बघणार, तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला. त्या वर्षी युनिसेफने आकडा दिला होता, जगातली १३० कोटी शाळकरी वयाची मुलं अशी की घरी इंटरनेटच नाही, म्हणजे दर तीनातली दोन. या हिशोबाने हा पोरगा नशीबवानांत धरलेला असणार. याच्याच जिल्ह्यात, सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, तेव्हा शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, गल्लीतून जाता जाता पाढे आणि व्याकरण. आणि त्याच वर्षी जगातल्या उत्तम शिक्षकाचं बक्षीस याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना मिळालं, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले म्हणून. हे मी त्याला म्हणालो तर म्हणाला, "व्हय, आमच्या पुस्तकात होते ते चौकोन. आमी पेनानं त्यात रंग भरायचो."

स्वारगेटला गाडीला अर्धा तास होता. दोन वडापाव घेतले, त्याने पैसे देऊ दिले नाहीत, मग चहाचे मी दिले. बाकड्यावर बसून तो फोन काढून काहीतरी पुसत बसला. वाकून बघितलं तर लेक्चर. सगळी डाउनलोड करून ठेवली होती, हॉस्टेलच्या वायफायवर रात्री दोन-तीनला, कारण गावाकडे रेंज नाही. "परीक्षा झाली, आता जागा पायजे," म्हणाला, "फोन हँग होतोय." अंगठा सरासर चालला होता, आठवडा एक, आठवडा दोन, एकेक लेक्चर धरायचं आणि उडवायचं. ज्याने सगळी उत्तरं ग्रुपवरून घेतली तो ही लेक्चरं उतरवून कशाला घेत होता हे मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. माझ्या फोनमध्ये इतकी जागा आहे की मी कधी काही पुसत नाही, त्यात रोमन वास्तुकलाही अजून तशीच पडून आहे.

एकाशी त्याचा अंगठा थांबला. पुढे गेला, परत मागे आला. पुढची सगळी पुसून झाली तरी ते तेवढं राहिलं.

"हे राहिलं की," मी म्हटलं.

"राहू दे. यात विमानाच्या खिडक्या गोल का असत्यात ते सांगितलंय. पयल्यांदा चौकोनी होत्या. कोपऱ्यात ताण साठतोय आन तिथनं चीर जाती. चोपन साली इंग्लंडची दोन विमानं पडली तशी, कॉमेट म्हणून." हाताने हवेत खिडकी काढली, आधी चौकोनी, मग तिचे कोपरे बोटाने गोल केले.

"परीक्षेला होतं?"

"नाय ओ."

"मग ठेवलंस कशाला?"

त्याने जरा विचार केला. "असंच," म्हणाला, आणि फोन खिशात टाकून सांगोल्याची गाडी लागली का ते बघायला उठला.